विश्लेषण : संकेतस्थळाकडे येणारे दुवे कसे पारखायचे? स्वस्तातल्या ‘बॅकलिंक’ महाग का पडतात?

संकेतस्थळ सुरू करून महिना उलटत नाही तोच ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर प्रस्ताव येऊ लागतात. ‘पाचशे हाय डीए बॅकलिंक, पहिल्या पानाची गॅरंटी, आजच बुक करा.’ होमस्टे चालवणारे, आंबा-काजू विकणारे, शिकवणी वर्ग घेणारे असे अनेक लहान व्यावसायिक यात पैसे घालतात. महिनाअखेरीस त्यांच्या हाती शेकडो पत्त्यांची एक एक्सेल शीट पडते. त्यातले दुवे बहुतेक वेळा खरोखर अस्तित्वात असतात, त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणण्याचीही सोय राहत नाही. प्रश्न त्यांच्या मोलाचा असतो. दुव्यांची संख्या मोजणे सोपे आहे, त्यांची पत पारखणे अवघड. पण ते केवळ तज्ज्ञांनाच जमते असे मात्र नाही.

दुव्याला एवढे महत्त्व आले कुठून?

एखाद्या पानावरची जी लिंक दाबल्यावर आपण दुसऱ्या संकेतस्थळावर पोहोचतो, ती त्या दुसऱ्या संकेतस्थळाच्या दृष्टीने ‘बॅकलिंक’ किंवा ‘इनबाउंड लिंक’ म्हणजे बाहेरून आत येणारा दुवा. सुरुवातीची शोधयंत्रे प्रामुख्याने पानावरचे शब्द मोजत. त्यामुळे तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहिणारे पान वर येई. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी वेगळा विचार केला. पान स्वतःविषयी काय म्हणते यापेक्षा इतर पाने त्याच्याकडे बोट दाखवतात का, हे त्यांनी पाहिले. त्यांच्या शोधयंत्राचे पहिले नावच ‘बॅकरब’ होते. १९९८ मध्ये त्याची ‘गुगल’ ही कंपनी झाली आणि दुवे मोजण्याच्या पद्धतीला ‘पेजरँक’ हे नाव मिळाले.

या कल्पनेचे मूळ विज्ञानाच्या जगात आहे. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती संशोधक करतात, यावरून त्याचे वजन ठरवता येईल, असा विचार युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडला होता. १९६४ पासून त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध होऊ लागली. पेज आणि ब्रिन यांनी तोच न्याय संकेतस्थळांना लावला, पण एका दुरुस्तीसह. सगळी मते सारखी धरली नाहीत. ज्या पानाकडे स्वतःच अनेक वजनदार दुवे येतात, त्याच्या मताला जास्त किंमत. शिवाय पानाचे वजन त्यावरून बाहेर जाणाऱ्या सगळ्या दुव्यांत वाटले जाते. दहा जणांची शिफारस करणाऱ्याच्या शब्दाला वजन असते. हजार जणांची करणाऱ्याच्या शब्दाला ते उरत नाही.

आपल्याकडे लग्नासाठी स्थळाची चौकशी करतात तीही याच धर्तीवर. मुलाच्या घरचे काय सांगतात ते ऐकून घ्यायचे, पण विश्वास ठेवायचा शेजाऱ्यावर, त्याच्या कचेरीतल्या सहकाऱ्यावर, गावातल्या दुकानदारावर. त्यांना सांगण्याचे पैसे मिळत नसतात, म्हणून त्यांचे सांगणे मोलाचे. मध्यस्थाने पैसे देऊन चार ‘शेजारी’ उभे केले, तर चौकशीला अर्थच राहत नाही. संकेतस्थळांच्या बाबतीत नेमके हेच घडले, आणि एका प्रकरणात ते जगासमोर आले.

‘जेसी पेनी’ प्रकरण काय होते?

२०१० च्या अखेरीस, म्हणजे नाताळच्या खरेदीच्या हंगामात, अमेरिकेत गुगलवर ‘ड्रेसेस’, ‘बेडिंग’, ‘एरिया रग्ज’ असे साधे शब्द शोधले तरी पहिल्या क्रमांकावर एकच नाव दिसत होते. जेसी पेनी ही जुनी दुकानसाखळी. सॅमसोनाइट कंपनीच्या बॅगा शोधणाऱ्यालाही सॅमसोनाइटच्या स्वतःच्या संकेतस्थळाआधी जेसी पेनी दिसे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला यात काळेबेरे वाटले. वृत्तपत्राने डग पियर्स या शोधयंत्र-तज्ज्ञाला जेसी पेनीकडे येणारे दुवे तपासायला सांगितले आणि १२ फेब्रुवारी २०११ रोजी डेव्हिड सीगल यांचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

पियर्स यांना ‘इव्हनिंग ड्रेसेस’, ‘कॅज्युअल ड्रेसेस’, ‘लिटल ब्लॅक ड्रेस’ अशा शब्दांवर लावलेले आणि थेट जेसी पेनीच्या कपड्यांच्या पानाकडे नेणारे दुवे २,०१५ पानांवर सापडले. ती पाने कशाविषयी होती? घोरणे, मासेमारी, बाथरूमच्या टाइल्स, दंतवैद्यक. त्यातली कित्येक संकेतस्थळे नावापुरती उरलेली होती. त्यांवर नवे काही येत नव्हते, फक्त दुव्यांच्या याद्या होत्या. घोरण्यावर उपाय सांगणाऱ्या पानाच्या तळाशी संध्याकाळच्या पोशाखाची शिफारस कोणी आणि का करावी, या प्रश्नाला एकच उत्तर संभवते.

गुगलने कारवाई केली तेव्हा पडझड तासांत झाली. ९ फेब्रुवारीला संध्याकाळी सात वाजता सॅमसोनाइटच्या केबिन बॅगांसाठी जेसी पेनी पहिल्या स्थानी होती; दोन तासांनी ७१ व्या. वृत्तपत्राने ५९ शोधशब्दांवर लक्ष ठेवले होते. त्यांतील कंपनीचे सरासरी स्थान १ फेब्रुवारीला १.३ होते, ते १० फेब्रुवारीला ५२ झाले. हे दुवे आपल्या संमतीने लागले नाहीत, आपल्याला त्यांची माहितीही नव्हती, असे कंपनीने सांगितले आणि शोधयंत्राचे काम पाहणाऱ्या सल्लागार संस्थेला काढून टाकले.

या प्रकरणातून एक वेगळा मुद्दा समोर येतो, तो कमी बोलला जातो. गुगलचे तेव्हाचे स्पॅमविरोधी पथकप्रमुख मॅट कट्स यांच्याच म्हणण्यानुसार, जेसी पेनीच्या संकेतस्थळावर नियमभंग यापूर्वीही तीन वेळा आढळला होता. तरीही ऐन हंगामात कंपनी वरच राहिली. म्हणजे जगातले सर्वांत मोठे शोधयंत्र जे पकडू शकले नाही, किंवा वेळेत पकडू शकले नाही, ते एका माणसाने दुवे एकेक उघडून पाहिले तेव्हा कळले. दुव्यांची पारख यंत्रावर सोपवून मोकळे होता येत नाही, ते यासाठी.

मग चांगला दुवा कोणता?

या एका प्रश्नातून बाकीचे बहुतेक निकष निघतात : शोधयंत्रे उद्या बंद पडली, तरी हा दुवा कोणी दिला असता का? देवगडच्या एखाद्या बागायतदाराचे उदाहरण घेऊ. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांच्या यादीत त्याच्या बागेचे नाव आणि दुवा असेल, तर अस्सल हापूस शोधणाऱ्या ग्राहकाला त्याचा उपयोग आहे. एखाद्या प्रवासवर्णनात त्याच्या बागेतल्या मुक्कामाविषयी लिहून दुवा दिला असेल, तरी आहे. पण क्रिप्टो, कर्ज, कॅसिनो आणि वजन घटवण्याच्या गोळ्या यांच्या मधोमध ‘हापूस आंब्याचे दहा फायदे’ असा निनावी लेख टाकून त्यात दुवा दिला असेल, तर तो वाचकासाठी लिहिलेला नाही. तो मोजणाऱ्या यंत्रासाठी लिहिलेला आहे.

ही तपासणी मोबाइलवरही करता येते. ‘गुगल सर्च कन्सोल’ ही मोफत सेवा संकेतस्थळाच्या मालकासाठी आहे. तिच्या ‘लिंक्स’ या भागात आपल्याकडे सर्वाधिक दुवे देणारी संकेतस्थळे कोणती, आपल्या कोणत्या पानांकडे दुवे येतात आणि ते कोणत्या शब्दांवर लावले आहेत, हे दिसते. यादी परिपूर्ण नसते आणि चांगले-वाईट असा शिक्काही तिच्यावर नसतो. पण सुरुवातीला तेवढी पुरते. तिच्यातली वरची २०-२५ संकेतस्थळे प्रत्यक्ष उघडून पाहावीत. एवढे काम केलेल्यांना पुढचे फारसे समजावून सांगावे लागत नाही.

उघडल्यावर काय पाहायचे? आधी शेजार. त्या संकेतस्थळावरचे शेवटचे दहा लेख कशावर आहेत, लेखकांची नावे आहेत का, आणि त्यांतून बाहेर कोणाकडे दुवे जातात? आज आंबा, उद्या ऑनलाइन रमी, परवा दात पांढरे करण्याची पावडर असा क्रम असेल, तर तिथे कोणीही पैसे भरून लिहू शकते असे समजावे. अनेक ठिकाणी ‘आमच्यासाठी लिहा’ या पानावर दरपत्रकच असते. मग जागा. लेखाच्या ओघात, संदर्भ म्हणून आलेला दुवा वेगळा आणि प्रत्येक पानाच्या तळाशी चिकटवलेला वेगळा. तळाशी लावलेला एकच दुवा संकेतस्थळाच्या हजारो पानांवर उमटतो आणि अहवालात हजार बॅकलिंक म्हणून मिरवतो. म्हणूनच एकूण दुवे किती यापेक्षा किती वेगवेगळ्या संकेतस्थळांनी दुवा दिला, हा आकडा विचारावा.

दुवा कोणत्या शब्दांवर लावला आहे, हे तर फार बोलके असते. माणसे स्वखुशीने दुवा देतात तेव्हा दुकानाचे नाव लिहितात, नुसता पत्ता चिकटवतात किंवा ‘इथे पाहा’ म्हणतात. सगळी एकच वाक्य लिहीत नाहीत. पन्नास अनोळखी संकेतस्थळांनी ‘ताजा देवगड हापूस घरपोच स्वस्तात’ हे शब्द जसेच्या तसे लिहिले असतील, तर ते एकाच हाताने लिहिले गेले आहेत. जेसी पेनीच्या बाबतीतही संशय बळावला तो या एकसारखेपणाने.

आणखी दोन चाचण्या आहेत. इंग्रजी लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्याला जोडून कोलन आणि लगेच त्या संकेतस्थळाचा पत्ता असे गुगलमध्ये टाकल्यास तिथली कोणती पाने गुगलच्या सूचीत आहेत, याचा अंदाज येतो. एकही पान दिसले नाही, तर तिथल्या दुव्याकडून गुगलवरील स्थान सुधारण्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. दुसरी चाचणी इतिहासाची. ‘इंटरनेट अर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’वर त्याच पत्त्यावर पूर्वी काय होते ते पाहता येते. बंद पडलेल्या शाळेचा किंवा संस्थेचा पत्ता नूतनीकरणाअभावी मोकळा होतो, कोणी तरी तो विकत घेतो आणि जुन्या प्रतिष्ठेच्या जोरावर तिथे दुव्यांचे दुकान मांडतो. मार्च २०२४ मध्ये गुगलने अशा वापराला स्पॅम ठरवले. त्या नियमात दिलेले एक उदाहरणच ‘पूर्वीच्या प्राथमिक शाळेच्या पत्त्यावर कॅसिनोचा मजकूर’ असे आहे.

सरकारी किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आलेला दुवा म्हणजे सोने, असाही एक समज विक्रेते जोपासतात. दुवा तिथे कसा पोहोचला, हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. अमेरिकेतील ‘ओव्हरस्टॉक’ या ऑनलाइन दुकानाने विद्यार्थी आणि प्राध्यापकांना सवलत देऊन त्याबदल्यात महाविद्यालयांच्या पानांवर आपले दुवे लावून घेतले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने त्याचीही घसरण केली. भारतात २०२४ मध्ये अनेक राज्यांच्या सरकारी पत्त्यांवरून वाचक सट्टेबाजीच्या संकेतस्थळांकडे जात असल्याचे उघड झाले. त्या खात्यांनी सट्टेबाजीची शिफारस केली नव्हती, कोणी तरी त्यांच्या दारातून आत शिरले होते.

डीए, डीआर या आकड्यांचे काय?

विक्रेत्यांच्या संदेशातला ‘डीए’ म्हणजे ‘डोमेन अथॉरिटी’ हा ‘मॉझ’ या कंपनीने तयार केलेला गुणांक आहे. ‘डीआर’ हा ‘एचरेफ्स’चा, ‘ट्रस्ट फ्लो’ हा ‘मॅजेस्टिक’चा. ही खासगी कंपन्यांची अनुमाने आहेत. गुगल ते वापरत नाही, असे त्या कंपनीने वारंवार स्पष्ट केले आहे. गुगलचा स्वतःचा पेजरँक पूर्वी ब्राउझरच्या टूलबारवर शून्य ते दहा असा दिसे आणि दुव्यांचे भाव त्यावरून ठरत. २०१६ मध्ये तो आकडा लोकांना दिसणे बंद झाले. बाजाराने लगेच दुसरी फूटपट्टी शोधली. तुलनेसाठी हे गुणांक निरुपयोगी नाहीत. पण ते दुव्यांवरूनच काढले जातात, त्यामुळे विकत घेतलेल्या दुव्यांनी ते फुगवताही येतात. एखाद्या संकेतस्थळाचा गुणांक ६० आणि तिथे वाचक मात्र नाहीत, असे दिसले की काय ते समजावे.

दुव्याला लावलेली चिठ्ठीही पाहावी लागते. जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या शोधयंत्रांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. ती असलेला दुवा म्हणजे शिफारस नव्हे, असा तिचा अर्थ. २०१९ मध्ये पैसे घेऊन लावलेल्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी टाकलेल्या दुव्यांसाठी ‘यूजीसी’ या खुणा आल्या. अशी खूण असलेला दुवा टाकाऊ, असे मात्र नाही. विकिपीडियाच्या लेखांतील बाहेरचे दुवे २००७ पासून ‘नोफॉलो’ आहेत. पण तिथून येणारा वाचक खरा असतो, आणि दुकानात पाऊल टाकणारे गिऱ्हाईक कोणत्या चिठ्ठीवरून आले याची चौकशी कोणी करत नाही.

वृत्तपत्रे यापासून दूर आहेत का?

नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधील ‘इंटरफ्लोरा’ ही फुलविक्री कंपनी गुगलच्या निकालांतून गायब झाली. स्वतःचे नाव शोधले तरी ती वर दिसेना. तिने ब्रिटनमधील अनेक प्रादेशिक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर लेखवजा जाहिराती दिल्या होत्या आणि त्यांत खूण न केलेले दुवे होते. या वृत्तपत्रांच्या पेजरँकलाही फटका बसला. गुगलने कोणाचे नाव घेतले नाही, पण त्याच दिवसांत पैसे घेऊन दुवे देण्याविरुद्धच्या नियमाची जाहीर आठवण करून दिली. इंटरफ्लोरा ११ दिवसांत परतली, तीही तिकडच्या ‘मदर्स डे’च्या आधी. एवढ्या लवकर सुटका मोठ्या नावांच्याच वाट्याला येते. गावच्या होमस्टेवाल्यावर अशी वेळ आली, तर त्याची दाद कोण आणि किती दिवसांत घेणार? नियम करणारा, तपास करणारा आणि शिक्षा देणारा एकच असला की असे होते.

मे २०२४ पासून गुगल ‘साइट रेप्युटेशन अब्यूज’ या नियमाखाली माध्यमांच्या नावाचा आधार घेऊन छापल्या जाणाऱ्या तिऱ्हाईत मजकुरावरही कारवाई करत आहे. त्याबद्दल युरोपीय माध्यमांनी तक्रारी केल्या आहेत. त्या तक्रारींत तथ्य असू शकते. पण वाचकाला बातमी वाटावी असा मजकूर छापायचा आणि त्यातला दुवा विकायचा, याचे समर्थन होऊ शकत नाही.

मराठीत दुखणे आणखी वेगळे आहे. इथे प्रामाणिक दुवेच कमी. ‘एका संकेतस्थळाने दिलेल्या वृत्तानुसार’ असे लिहायचे आणि त्या संकेतस्थळाकडे दुवा द्यायचा नाही, ही मराठी माध्यमांची रुळलेली सवय आहे. स्थानिक इतिहासावर वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या अभ्यासकाचा मजकूर उचलला जातो, नाव टाळले जाते आणि दुवा तर नाहीच. वाचक आपल्या पानावरून बाहेर जाईल, ही भीती त्यामागे असते. परिणाम असा, की चांगले मराठी संकेतस्थळ शोधनिकालांत मागे राहते आणि त्याच्या मालकाला दुवे मिळवण्याचा एकच मार्ग उघडा दिसतो, तो विक्रेत्याचा. मराठीतल्या माहितीच्या शोधात वर काय यावे, हे ठरवण्याचा एक वाटा माध्यमांच्या हाती आहे आणि तो त्या वापरत नाहीत.

वाईट दुवे आधीच आले असतील तर?

घाबरून जाण्याचे कारण नाही. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने ‘पेंग्विन’ हा बदल आणला, तेव्हा कृत्रिम दुव्यांमुळे संकेतस्थळे सपाट खाली गेली होती. सप्टेंबर २०१६ पासून मात्र असे दुवे शिक्षेऐवजी प्रामुख्याने दुर्लक्षित केले जातात, आणि डिसेंबर २०२२ पासून ‘स्पॅमब्रेन’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी यंत्रणा दुव्यांसाठीही वापरली जाते. दुव्यांचे एकूण वजनही घटले आहे. ते आता पहिल्या तीन निकषांत नाहीत, असे गुगलचे गॅरी इलिस यांनी २०२३ मध्ये सांगितले. तेव्हा पाचशे दुव्यांचे पैसे बहुतेक वेळा नुसतेच बुडतात. कुठल्या तरी परदेशी संकेतस्थळाने आपोआप लावलेल्या दोन-चार विचित्र दुव्यांमागे लागून वेळ घालवू नये.

सर्च कन्सोलच्या ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ या भागात कृत्रिम दुव्यांबद्दल सूचना आली असेल, तर गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०१२ मध्ये गुगलने ‘डिसअव्हाऊ’ हे साधन दिले. नको असलेल्या दुव्यांचे पत्ते साध्या मजकूर-फाइलमध्ये, एका ओळीत एक, लिहून ती फाइल तिथे चढवायची, म्हणजे गुगलला ते दुवे धरू नका असे सांगता येते. त्यात चुकून चांगले संकेतस्थळ घातले तर नुकसान आपलेच होते, म्हणून गुगलही ते जपून वापरायला सांगते. त्याआधी संबंधित संकेतस्थळांना लिहून दुवे काढून घेण्याचा प्रयत्न करावा, काय केले याची नोंद ठेवावी आणि मग फेरविचाराचा अर्ज करावा, अशी अपेक्षा असते. विक्रेत्याने दिलेली ती एक्सेल शीट अशा वेळी कामाला येते. कोणते दुवे आपण पैसे देऊन लावले, याची दुसरी यादी सहसा कोणाकडे नसते.